सगळ्यांच्या तळ्यातलं बदक

दुसऱ्याने निम्मं करून ठेवलेलं काम म्हटलं की काकूंना शिसारी यायची, आणि जन्म गेला तो नेमका त्यातच. कुणाची पँट आखूड करा, कुणाच्या कोटाचं अस्तर बदला, पोट सुटलेल्या कुणाची शिवण उसवून सैल करा, वर काखेतले पिवळे डाग नाक मुठीत धरून सोसा. कापड दुसऱ्याचं, बेतलेलं दुसऱ्याने. नवा कपडा शिवायला त्यांच्याकडे कधी कुणी आलं नाही. म्हणून दुरुस्तीचं दुकान बंद केल्यावर त्यांनी एकच गोष्ट मनाशी धरली. एक तरी वस्तू पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्या हातची व्हायला हवी, मग ती भंगार का निघेना.

औषधांच्या दुकानावरच्या खोलीत जलरंगांचा वर्ग चालायचा. भिंतीवर एका बागेच्या चित्राची छापील प्रत होती: वाळूची वाट, कातरून सरळ केलेलं झुडपांचं कुंपण, छोटं तळं, झाडाखालून वाटेवर पडलेलं ऊन. पानन् पान खऱ्यासारखं. सगळ्यांनी तेच उतरवायचं. "नकलेनेच हात बसतो," सर म्हणायचे. त्यांचं बोलणं लोण्यासारखं मऊ. "आधी फिकट, मग गडद. पांढऱ्या रंगाला हात लावायचा नाही. ऊन हवं तिथे कागद कोरा सोडा."

काकूंचं पहिलं कुंपण गटारातल्या शेवाळासारखं झालं. ओल्यावर ओलं चढवलं, हिरव्यात तांबडं शिरलं, आणि कागदावर जे काही उतरलं त्याला फक्त वास यायचा बाकी होता. "शी!" म्हणून त्यांनी कागदाचा बोळा केला. दुसऱ्याचाही केला. पहिला हात वाळेपर्यंत थांबायचं, एवढीच काय ती विद्या. पण आयुष्यभर गिऱ्हाईक डोक्यावर उभं असलेल्या बाईला थांबणं कुठून येणार? वर शेजारची बाई प्रत्येक वेळी "सुंदर हं काकू" म्हणायची. त्या गोडगोड खोटेपणाने त्यांना शेवाळापेक्षा जास्त मळमळायचं.

तरी त्या जात राहिल्या. ब्रश खाली ठेवून, हात मांडीखाली दाबून, रंग वाळायची वाट बघायला शिकल्या. आणि एका दुपारी वाटेवरचं ऊन कागदावर कोरं राहिलं. तळं अजून डबक्यासारखंच होतं, कुंपण एका बाजूला कललेलं. पण ते कललेलं कुंपण त्यांचं होतं. त्या दिवशी त्यांनी घरी एकटीनेच दोन कप चहा प्यायला.

वर्षअखेरीला त्याच खोलीत प्रदर्शन लागलं. लेक आणि जावई आले. लेक आईच्या चित्रापुढे थबकली.

"आई! हे बदक तू काढलंस? किती जिवंत आहे गं!"

"कमाल केलीत आई तुम्ही," जावई म्हणाला.

काकूंनी बदक काढलंच नव्हतं. पण लेकीचा चेहरा असा फुललेला त्यांनी कित्येक वर्षांत बघितला नव्हता. "जमलं बाई एकदाचं," त्या म्हणून गेल्या.

मग त्यांनी नीट बघितलं. डबक्यात पांढराशुभ्र जाड रंगाचा पक्षी पोहत होता. कुंपण सरळ झालं होतं. शेजारणीच्या तळ्यातही तेच बदक, तशीच मान. पलीकडच्या चित्रातही तेच. सगळ्या भिंतीवर एकाच बदकाची पिलावळ.

"शेवटचा हात गुरूचा असतो काकू," सर हसत म्हणाले. "काल सगळ्यांनाच थोडं थोडं सावरून घेतलं. लोक येतात, बरं दिसायला नको का?"

सरांची चीड आली ती आलीच. पण त्याहून घाण वाटली ती स्वतःची. दुसऱ्याचं बदक आपण आपलं म्हणून गिळलं, तेही लेकीपुढे. तोंडात कुणाचं उष्टं यावं तसं त्यांना झालं.

कागदाला लावलेले चिमटे काढून त्यांनी तो भिंतीवरून उतरवला, टेबलावर ठेवला आणि पाण्याच्या वाडग्यातला स्पंज पिळून बदकावर घासायला सुरुवात केली. पांढरा रंग सुटला तसं त्याच्यासोबत तळ्याचं निळंही सुटायला लागलं. मधोमध राखाडी चिखल झाला.

"अहो काकू, सगळं बिघडतंय!" सर धावले.

"बिघडू दे. लांब उभे राहा."

लेकीने त्यांचं मनगट धरलं. "आई, लोक बघतायत. काय चाललंय तुझं?"

"हे मी काढलेलं नाही. मघाशी खोटं बोलले तुझ्याशी."

लेकीने मनगट सोडलं. मग हळूच म्हणाली, "बदक नसतं ना आई, तर मी ह्या चित्रापुढे थांबलेच नसते."

"ठाऊक आहे मला," काकू म्हणाल्या, आणि उरलेली चोच पुसायला लागल्या.