भागवतचा दुसरा आवाज

मोताळ्याच्या बाजारात भागवतनं सोयाबीनचा हर्रास पुकारला की एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या माणसालाही भाव कळायचा. भोंगा त्यानं कधी हातात धरला नाही. "देवानं आतच बसवून देला," असं म्हणत तो गळ्यावर थाप मारायचा आणि बिडी पेटवायचा.

पन्नाशीनंतर तोच गळा बसला. बायकोनं, आशाबाईनं, हळद-गूळ दिला, आल्याचा काढा पाजला. हर्रास पुकारणाऱ्याचा घसा बसायचाच, असं म्हणत त्यानं दोन हंगाम रेटले. मग पाणी पितानाही ठसका लागू लागला, भाकरीचा घास अडकू लागला, तेव्हा कुठं संभाजीनगरचा मोठा दवाखाना गाठला. दुर्बिणीतून पाहून डॉक्टरांनी सांगितलं, "स्वरयंत्राचा कॅन्सर आहे. ते पूर्ण काढावं लागेल. माणूस वाचेल, आवाज जाईल."

माणूस वाचला. भागवत गळ्याला भोक घेऊन घरी आला. श्वास आता नाकातून नव्हे, त्या भोकातून चालायचा. ओठ हलायचे, पण शब्द निघायचा नाही. फोडणीचा वाससुद्धा येईना. बायकोला बोलवायचं तर ताटलीवर चमचा वाजवायचा, आणि काही सांगायचं तर पाटीवर लिहायचं.

त्याच गल्लीतला कादर टेम्पोतून कांदे-लसूण विकायचा. भागवतचा गळा ठणठणीत होता तेव्हा कादरनं दोस्तीत त्याच्याकडून आरोळी रेकॉर्ड करून घेतली होती. दवाखान्याच्या धावपळीत दोघंही ते विसरून गेले होते. एका सकाळी कादरला ते रेकॉर्डिंग सापडलं, आणि ते भोंग्यावर लावून टेम्पो गल्लीत शिरला.

"घ्या वो बाई, कांदे घ्या, लसूण घ्या! बाहेर या वो बाई!"

आवाज भरलेला होता, निरोगी, थोडा हसरा. चुलीपुढं बसलेल्या आशाबाईच्या तोंडून निघून गेलं, "आली, आली जी!" पिठाच्या हातांनी ती ओसरीवर आली. ओसरीवर भागवत बसला होता. दोघं एकमेकांकडं पाहत राहिले. आवाज कोपऱ्यावर वळला, लांब गेला, आणि मग मारुतीच्या देवळाकडून पुन्हा यायला लागला. आपण इथं बसलोय आणि आपणच गावात दारोदार हिंडून राह्यलो, असं भागवतला वाटलं. त्याचा हात गळ्याच्या भोकावर बांधलेल्या फडक्याकडं गेला.

दुपारी कादर आला तो खाली मान घालूनच. "भाऊ, मले सुचलंच नाई. आत्ताच पुसून टाकतो."

भागवतनं होकाराची मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून टेम्पोतून कादरचाच आवाज येऊ लागला. पण टेम्पो यायच्या वेळेला आशाबाईचा हात कामात थांबायचा, मान रस्त्याकडं वळायची. नवरा पाहतोय असं दिसलं की ती भांडी घासू लागायची. 'कोणाची वाट पाहतेस?' हे पाटीवर लिहायचं धाडस त्याला झालं नाही.

दवाखान्यात डॉ. महनूर नावाची एक तरुण डॉक्टर होती. आवाज गेलेल्या माणसांवर तिचं संशोधन चाललं होतं. काही महिन्यांनी तिथं भागवतची श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये एक बारीक झडप बसवली गेली. महनूर म्हणाली, "अंगठ्यानं भोक दाबा आणि बोला."

विहीर आटत आल्यावर मोटर शेवटचं पाणी ओढते, तसा आवाज निघाला. आशाबाई पदर तोंडाला लावून रडली. "बोलले! बाई, बोलले!" पण घरी आल्यावर त्यानं पाठीमागून हाक मारली की तिचे खांदे दचकायचे. दर वेळी. त्याला ते दिसायचं.

पुढच्या खेपेला महनूरनं विचारलं, "स्वरयंत्र काढलेला माणूस आधी भेटला, तर नव्या रुग्णाची भीती कमी होते का, हे आम्ही तपासतोय. तुम्ही भेटाल का लोकांना?"

आपला आवाज पुन्हा कुणाला तरी हवाय, या आनंदात भागवत लगेच हो म्हणाला.

पहिले भेटले ते जानेफळचे अर्जुनराव, निवृत्त मास्तर. शेजारी त्यांची बायको रुक्मिणीबाई. भागवतनं फडकं बाजूला केलं, अंगठा दाबला. "राम राम मास्तर. भेऊ नका. मी जेवतो, फिरतो, बोलतो."

अर्जुनराव मागं सरकले. ते बराच वेळ त्या भोकाकडं पाहत राहिले. "हे... असंच राहते?"

"हाव. असंच."

मास्तर उठले आणि बसक्या आवाजात बायकोला म्हणाले, "चल. घरी जाऊ."

ते ऑपरेशनला आले नाहीत. महनूरनं फोन केले, मास्तरांच्या मुलाला समजावलं, पण व्यर्थ. हिवाळ्यात तिचाच फोन आला, मास्तर गेल्याचा. "तुमचा दोष नाही, काका. आमचं चुकलं असेल. संशोधनात हेही मांडावं लागेल." 

भागवत जानेफळला भेटायला गेला. रुक्मिणीबाईंनी पाणी दिलं. म्हणाल्या, "शेवटी घोटबी उतरत नव्हता. तुमची याद काढायचे."

"काय म्हनत होते?"

"त्या मानसाचा आवाज मले झोपेत ऐकू येते, म्हनायचे. मेल्यावर मानूस असाच बोलत असन." बाईंच्या बोलण्यात राग नव्हता. पाऊसपाण्याचं सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

घरी येऊन भागवत आशाबाईला म्हणाला, "मी आता कोनाले भेटत नाई."

तिनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. मग म्हणाली, "तुमी एकदम फडकं काढलं. त्याईले आधी कोनी काई सांगलंच नाई. आता मी येतो संगं." मग तिनं खरं ते बोलून टाकलं. "मलेबी भ्याव वाटते अजून. पाठीमागून बोलले की काळीज धस्स होते."

"मालूम हाये मले."

आता दोघं मिळून जातात. भागवत बाहेर थांबतो. आशाबाई आत जाऊन रुग्णाच्या घरच्यांजवळ बसते आणि सांगते, "आवाज ऐकून भ्याव वाटन. वाटू द्या. मले तर घरात राहून वाटते. पन मानूस तोच हाये, भाजीत मीठ कमी पडलं तर आजबी तसाच चिडते." साखरखेर्ड्याच्या एकानं ते ऐकलं, थोडा हसला, आणि ऑपरेशनला गेला. तो वाचला.

मग आशाबाई नवऱ्याला आत बोलावते. दारात भागवतचा अंगठा गळ्याजवळ क्षणभर थांबतो. समोरच्या खाटेवर कुणीही असो, त्याला आधी अर्जुनरावच दिसतात.