रिकाम्या गावातली शिटी

आमच्या गावाने मला पहिल्यांदा घराबाहेर काढलं तेव्हा मी आईच्या कडेवर होते. पुढे बाबा, एका हातात गाईचं दावं आणि दुसऱ्या हातात कोंबड्या भरलेली टोपली घेऊन. मागे शेजारचे काका डोक्यावर टीव्ही घेऊन. पूर नाही, रोग नाही, भांडण नाही. गावपळण! मालवणपासून आत असलेलं आमचं गाव दर काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन तीन दिवस, तीन रात्री अख्खं रिकामं होतं. माणसं, गुरं, कुत्री, मांजरं सगळी वेशीबाहेर झोपड्या घालून राहतात आणि गाव देवाच्या ताब्यात देतात. नाव मुद्दाम लिहीत नाही. ओळखणारे ओळखतीलच, आणि मग मला फोन करकरून हैराण करतील.

दुसऱ्यांदा निघाले ती नॉर्वेला, बर्गन शहरात, पीएच.डी. करायला. गोव्याच्या विमानतळाकडे जाताना हद्दीजवळच्या इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गाडी थांबवली. पोलिसाने डिकी उघडली, नाक हलवलं आणि म्हणाला, "सुकट बरी बांधा हां, इमानात वास सुटात." आई हसली आणि हसता हसताच रडायला लागली. बाबा मात्र खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गाव सोडूची आमका सवय आसा. येवची तारीख तेवडी देवाक इचारूची लागता." तेव्हा मला रागच आला होता. पोरगी एवढी सातासमुद्रापार चाललीय आणि ह्यांना गावपळण आठवते!

बर्गनला पाऊस आपल्यासारखाच, फक्त थांबायचं नाव नाही. बांगडासुद्धा मिळतो! पण हे लोक तो टोमॅटोच्या सॉसमध्ये डब्यात बंद करतात आणि थंडगार पावावर पसरून खातात. ह्या पावाच्या डब्याला इथे 'मातपाक्के' म्हणतात. पहिली दोन वर्षं मी त्या मातपाक्केकडे बघून मनातल्या मनात शिव्या घातल्या. तुमच्यातले जे दुबईला, लंडनला, अगदी पुण्याला गेलात, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

काम मात्र असं मिळालं की विचारू नका. रानात, पाणथळीत, डोंगरावर ध्वनिमुद्रक बांधायचे आणि पकडलेल्या आवाजांवरून तिथे कोण राहतं, कोण नव्याने आलं, कोण निघून गेलं ते ओळखायचं. आई अजून शेजारणींना सांगते, "चेडू थंय टेपरेकॉर्डर लावन बसता." अगदी चूक नाही तिचं.

आमच्या वरच्या मजल्यावर इंग्रिड बसते. ती इतिहासाची. कित्येक शतकांपूर्वी प्लेगच्या साथीत ओस पडलेल्या वाड्या हा तिचा विषय. एकदा कॉफी घेताना ती वैतागून म्हणाली, "माणसं असतात तोवरच कागद बोलतात गं. माणसं गेली की पुढे गावाचं काय झालं, कोणी लिहायलाच नसतं." मी म्हटलं, माझं उलटं दुखणं आहे. मला लिहायला माणूस लागत नाही, पण माणसं जातात आणि परतही येतात असं गाव कुठून आणू? आणि वाक्य तोंडातून बाहेर पडता पडताच मला अक्षरशः झिणझिण्या आल्या. अगो बाय माझे! माझ्याकडे आहे ना असं गाव! इंग्रिडला सगळं सांगितलं तर तिने कॉफी स्वतःच्या अंगावर सांडली आणि तशीच उभी राहिली. आधीचा एक आठवडा, रिकामे तीन दिवस आणि नंतरचा आठवडा, सगळ्यांचे आवाज शेजारी शेजारी ठेवायचे. जगात कोणी ऐकलं नसेल असं काहीतरी आम्ही ऐकणार होतो.

विद्यापीठाच्या समितीने विचारलं, परवानगी कोणाची घेणार? मी लिहिलं, ग्रामदेवतेची. त्यांनी मोठ्या गांभीर्याने उलट विचारलं, "लेखी मिळेल का?"

देवळातल्या बैठकीला मात्र घाम फुटला. शेजारच्या शांताकाकी उभ्या राहिल्या आणि एका वाक्यात त्यांनी मुद्द्यावर बोट ठेवलं. "माणसान ऱ्हवाचा नाय, मगे माणसाचो कान कित्याक ऱ्हवाक होयो?" प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. मग बाबा उठले. एरवी बैठकीत चकार शब्द न बोलणारा माणूस. "यंत्रां आपली आपण चलतत. एकदा वेस ओलांडली की माज्या घरातला कोण त्येंका हात लावक येवचा नाय. शबद माजो." मग गुरवांनी देवीच्या अंगावर फुलाच्या कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, आमच्या गावचा चेडू परदेशात शिकता हा, तेका गावचो आवाज होयो आसा. तुजी खुशी आसात तर उजवो कौल दी रे म्हाराजा!" सगळे एकसुरात, "व्हय म्हाराजा!" उजवीकडची कळी पडली तेव्हा मी देवळात उडी मारली. हो, मारली! शांताकाकींनी पाठीत धपाटाही घातला.

विहिरीजवळ, देवळामागे, शाळेकडे आणि आमच्या अंगणातल्या फणसाला ध्वनिमुद्रक बांधून आम्ही सगळे वेशीबाहेर गेलो. तीन दिवस भजनं, फुगड्या, तीन दगडांच्या चुलीवरची मोरी माशाची आमटी. कौल मिळाला, गाव परत भरलं, आणि मी आवाज घेऊन बर्गनला परतले.

ऐकायला बसलो ती मी आणि इंग्रिड, एकेका कानात एकेक हेडफोन. काय सांगू तुम्हाला! शाळेच्या पत्र्यावर मोर नाचत होते, नखांची खरखर ऐकू येत होती. भर दुपारी डांबरी रस्त्यावर कोल्हे. विहिरीत पाणी टपकायचा आवाज, जो माझ्या उभ्या जन्मात मी कधी ऐकला नव्हता, कारण तिथे सदा कोणीतरी बोलत असायचं. आम्ही एकमेकींना चिमटे काढत होतो.

आणि मग दुसऱ्या दिवसाची सकाळ, आमचं अंगण, आणि शिटी. लांब चढत जाणारी, शेवटी झटक्यात खाली येणारी. बाबांची शिटी! मी शाळेत असताना आमचा कुत्रा मोत्या शेतात भटकायला गेला की बाबा अशीच शिटी घालायचे. हजार माणसांत ओळखेन मी ती.

बाबा गावात परत आले होते? गाव रिकामं नव्हतंच म्हणजे? मग आमचं एवढं काम गेलं पाण्यात. पण त्याचं मला खरं तर तेवढं नव्हतं. बाबांनी भर देवळात शब्द दिला होता. तो त्यांनी मोडला असेल तर शांताकाकींपुढे, गावापुढे, देवीपुढे त्यांचं तोंड राहणार नव्हतं. आणि ते उघडं पाडणार होते मी! इंग्रिड म्हणाली, एका पुराव्यावर निकाल नको, आधी माणसाला विचार. मी फोन लावला. गोलगोल बोलणं मला जमत नाही. सरळ विचारलं, "बाबा, गावपळणीत तुम्ही घराकडे गेला होता?"

"नाय."

"तुमची शिटी आलीय अंगणात. मी ऐकलीय."

मग बाबा असे हसले, असे हसले की खोकला लागला. "अगो, माका दात खंय आसत? कवळी बसवल्यापासून शिटी वाजता खंय? नुसतो वारो जाता! चार-पाच वर्सां झाली. तुका म्हायत नाय?"

नव्हतं माहीत. मी बर्गनला आले त्यानंतरची ही गोष्ट. व्हिडिओ कॉलवर बाबांचे दात छान पांढरेशुभ्र दिसायचे, आणि मी आईला म्हणायचे, बाबा तरुण दिसतात गं! गावपळणीसाठी तीन आठवडे घरी होते, पण त्यांनी एकदाही शिटी घातली नाही हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. आवाज ऐकणं हा माझा धंदा, आणि माझ्याच बापाचा एक आवाज बंद पडला तो मला ऐकू आला नाही. वाईट वाटलं. खूप वाटलं.

पण मग ती शिटी घातली कोणी? आम्ही दोघी परत तुटून पडलो. शिटीनंतर ऐकलं तर मांजराचं म्याव. मग स्कूटर चालू होतानाची फुरफुर. मग शिक्रा पक्षी ओरडला. मग परत बाबांची शिटी, आणि हे सगळं फणसाच्या एकाच फांदीवरून आल्यासारखं! भृंगराज! काळा कुळकुळीत, शेपटीच्या दोन लांब तारांच्या टोकाला पिसं असलेला, दुसऱ्यांच्या नकला करणारा पक्षी. मी किंचाळले. शेजारच्या खोलीतले प्राध्यापक धावत आले. कारण बघा, बाबांची शिटी बंद होऊन चार-पाच वर्षं झाली. मग हाच जुना पक्षी अजून ती घालतोय, की त्याने ती आपल्या पिल्लांना शिकवली? गावातल्या माणसाचा आवाज माणसाने सोडल्यावर पक्ष्यांच्या घराण्यात चालू राहतो का? हा प्रश्न आता माझा आहे, आणि इंग्रिडचाही. माणसं गेल्यावरही बोलणारा एक साक्षीदार तिला अखेर भेटला.

इतकी वर्षं मला वाटायचं, घर मला तोंडपाठ आहे. डोळे मिटले की सगळं जागच्या जागी. आता कळतंय, मी सोबत आणलं ते निघाले त्या दिवसाचं घर. त्यातले बाबा अजून शिटी घालतात. तिकडे मात्र रोज काहीतरी बदलतंय आणि ते मला फोनवर दिसत नाही. गेलेल्यांनो, तुमचंही असंच झालं असेल. राहिलेल्यांनो, आम्हाला जरा सांगत जा रे.

बाबांना ती फीत पाठवली. तिकडे संध्याकाळ होती. फोनवर त्यांनी ती पुन्हा पुन्हा ऐकली. "ह्यो मीच गो," म्हणाले, "अगदी मीच." मग म्हणाले, "थांब हां." कवळी काढून वाटीत ठेवल्याचा आवाज आला. मग फू... फू... नुसता वारा. मागून आई हसत होती. आणि तेवढ्यात, बाहेरच्या फणसावरून, चढत गेलेली आणि झटक्यात खाली आलेली ती शिटी, खणखणीत. मी हसत होते की रडत होते, देवाक म्हायत.

बाबांनी कवळी परत बसवली. मग म्हणाले, "मोत्याक हाक मारता गो तो अजून. मोत्या काय आता येवचो नाय. तू तरी ये."

मे महिन्याचं तिकीट मी तो फोन चालू असतानाच काढलं.