फुकटालाही कुंपण

"फुकटालाबी कुंपण असतंय, मावशी," असं म्हणून गल्लीतल्या पत्रिकावाल्याने कॉम्प्युटरवरचा हात काढून घेतला. तिकडे माझ्या घरात तासगावची माणसं नातीला बघायला बसलेली. तिची पत्रिका वाळवीने खाल्लेली, आणि मुलाच्या बापाने बजावलेलं, "पत्रिका न्हाई तर आमी उठतो."

असा एक माणूस तुमच्याही गल्लीत असेल. नव्वदीच्या शेवटी सांगलीत इंटरनेट नवं होतं. हा दुकानात बसून जन्मवेळ घालायचा आणि एका वेबसाइटवरून पत्रिका काढायचा. छापलेल्या कागदाला कुंकू लावूनच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. ती साइट दिवसाला पाचच पत्रिका फुकट द्यायची. सहावीला पैसे भरायला परदेशात चालणारं बँकेचं कार्ड मागायची. ते आमच्यात कुणाकडे असणार?

नाही म्हणणं त्याला जमत नसे. तोच त्याचा रोग.

"पाचवी कुणाला दिलीस?" मी विचारलं.

"गवळणीच्या रेडीला."

"म्हशीच्या पिल्लाला?"

"आवं, सकाळीच जन्मली. ती बाई लय हौसंनं आली."

"मग आता तिलाच उभी कर बोहल्यावर."

तो उठला. दुकानाला कुलूप लावून माझ्या मागून घरी आला आणि पाहुण्यांपुढे सगळं सांगून मोकळा झाला. रेडीसकट. मुलाच्या बापाच्या कपाळाला आठी पडली. मी मनात म्हटलं, संपलं.

"काय निघालं रेडीचं?" बापाने विचारलं.

"उच्च शिक्षण हाय. परदेशी जायाचा योगबी हाय."

मुलाची आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. "आवं, आपल्या पोराच्या पत्रिकेतबी हेच हाय. द्राक्षं सोडून गेलाय का कवा मिरजेच्या पुढं?"

बापालाही हसू आवरेना. "बोलवा पोरीला," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच त्याने पहिली पत्रिका नातीची काढली. कुंकू लावून घरी आणून दिली. ती कुणी उघडून बघितली नाही. तोवर सुपारी फुटली होती.

पुढे ती साइट बंद पडली, मग दुकान. तो आष्ट्याला भावाकडे गेला आणि तिथेच वारला. रेडीची म्हैस झाली, भरपूर दूध दिलं, परदेशी गेली नाही. म्हातारी होऊन तीही गेली. नात तासगावात सुखाने नांदते.

मी अजून आहे.