चंदाची हाक

धसईच्या बाजारात भाजीचा टेम्पो घेऊन येणारी चंदा यंदा मुंबईत ॲपवरची टॅक्सी चालवू लागली. विमानतळावरचं तिचं पहिलंच भाडं पाटणकर आजोबांचं. मुलीकडे बंगळुरूला राहून ते एकटेच परतले होते.

"आजोबा, कुठं उभे हाव तुमी?" तिनं फोनवर विचारलं.

"खांबापाशी."

"इथं सगळेच खांबापाशी उभे हायेत!"

तेवढ्यात त्यांचा फोन बंद पडला. चंदा गाडीतून उतरून गर्दीकडे बघू लागली. इथं कुणी मोठ्यानं बोलतसुद्धा नव्हतं. क्षणभर तिला संकोच वाटला. मग बाजारात गिऱ्हाइकाला घालायची तशीच खणखणीत हाक तिनं घातली, "ओ पाटणकर आजोबाऽऽ!"

सगळी गर्दी वळून बघू लागली. मागून एक काठी वर झाली आणि आजोबा हसतच पुढे आले.

"ड्रायव्हर कुठाय?"

"मीच की!"

"वा! मग मी पुढेच बसतो."

दादरपर्यंत दोघांच्या गप्पा भाजीवरून हलल्याच नाहीत. घर आलं तरी आजोबा उतरेनात. चंदाच्या हातच्या वांग्याच्या भरतात नेमकं काय पडतं, ते त्यांना ऐकायचंच होतं. तिनंही इंजिन बंद करून सगळं निवांत सांगितलं.