आभाळाच्या दारावरचा माणूस

कांद्याच्या चाळीतून एक कांदा ओढावा तर चार घरंगळत खाली येतात. आमच्या घरातल्या सिनेमाचं तसंच झालंय. कुणी एक किस्सा काढला की दुसरा आपोआप येतो. पाहुणे चहाला म्हणून टेकतात आणि जेवून जातात. मी शाळेत गेले नाही, सिनेमातलं मला कळत नाही. पण जे डोळ्यांनी पाहिलं ते जसंच्या तसं डोक्यात आहे. मी सांगते, नात टाईप करते. मधेच ती नाक मुरडते, तिकडं लक्ष देऊ नका.

*

ही नात म्हणजे सायली. नाशिकला लग्नाचे व्हिडिओ काढते. एका रविवारी पिंपळगावला आली आणि म्हणाली, "आज्जी, तुमच्या वेळची ती आभाळातली मालिका आठवते का?"

न आठवायला काय झालं? रविवारी सकाळी सगळी आळी एका टीव्हीपुढं बसायची. आभाळात भलंमोठं ठाणं. हायवेच्या ढाब्यावर ट्रक थांबावेत तशी तिथं जहाजं थांबायची. एक देखणा कप्तान होता. आणि ठाण्याच्या दारावर एक पहारेकरी, तोंडावर तांब्याच्या रंगाचा मुखवटा, कमरेला दाराची किल्ली. येईल त्याला एकच विचारायचा, "कुठून आलात?" बस. बाकी सगळी बडबड कप्तानाची.

सायली आणि तिचा मित्र मुबीन, दोघांना त्या मालिकेची पुढची गोष्ट स्वतःच्या खर्चानं काढायची होती. मला वाटलं, कप्तानाची असेल. तर म्हणे कप्तान आणि जहाज मालिका काढणाऱ्या कंपनीचे, त्यांना हात लावला तर नोटीस येईल. पहारेकरी मात्र एका लेखकाच्या डोक्यातून निघालेला, आणि त्यानं तो कंपनीला विकला नव्हता. त्या म्हाताऱ्या गृहस्थानं पोरांना फोनवर सांगितलं, घेऊन जा त्याला, पण नीट सांभाळा.

मी म्हटलं, "जहाज नाही, कप्तान नाही, मग तुझ्याकडं आहे काय?"

"दार आहे, आज्जी."

आणि गोष्ट एवढीच. सगळे ठाणं सोडून गेलेत. पहारेकऱ्याला सांगायचं राहून गेलं. तो तिथंच बसून आहे.

*

कपडे मालेगावहून आले. मुबीनच्या चाचांचे पॉवरलूम आहेत. पोरांनी त्यांना सांगितलं, आभाळात राहणाऱ्या माणसांसाठी चंदेरी कापड पाहिजे. चाचा हसले नाहीत, काही नाही. चष्मा पुसला आणि म्हणाले, "ऊपर वजन नहीं होता ना? फिर कपडा उडेगा. नीचे पट्टी भारी डालनी पडेगी."

तशी भारी पट्टी लावूनच त्यांनी कापड दिलं. सिनेमात कुणीही उडत नाही, सगळे जमिनीवरच चालतात. पण त्यांच्या झग्यांची चाल बघा तुम्ही. राजासारखी वाटते.

*

ठाणं उभं राहिलं माझ्या पुतण्याच्या, बापूच्या पॅकहाउसमध्ये. द्राक्षं यायला अवकाश होता, थंड खोली रिकामी होती. प्लॅस्टिकच्या क्रेटच्या भिंती रचल्या, ठिबकचे व्हॉल्व लावून यंत्रं केली, निळा लाईट सोडला. मी आत पाय टाकला. ज्या खोलीत मी उभी राहून द्राक्षं निवडली, ती ही खोली नव्हतीच.

मुबीन चंदेरी झगा घालून दारात उभा असताना चांदवडचा एक टेंपो रस्ता चुकून आत शिरला. मागं कांदा भरलेला. ड्रायव्हरनं काच खाली केली, मुबीनला वरपासून खालपर्यंत बघितलं. डोक्यावर दोन शिंगं, छातीवर लुकलुकता दिवा.

"भाऊ, मार्केटचं गेट कुठल्या बाजूला हाय?"

मुबीननं हात करून दाखवलं. टेंपो गेला. त्यानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. भाव पडायच्या आत पोचायचं होतं त्याला!

*

जहाज उतरल्याचा आवाज काही केल्या जमेना. कॉम्प्युटरवरचे आवाज सायलीला खेळण्यातले वाटायचे. मग एका सकाळी बापूनं बागेत औषध मारायचा ब्लोअर सुरू केला आणि ती ताटावरून उठून पळाली. हाच आवाज! घर्रर्र करत जवळ येणारा, पोटात घुमणारा.

पोरं रोज पहाटे ब्लोअर चालवायला लागली. टाकी रिकामी, नुसता आवाज.

आता द्राक्षवाल्याचं मन कसं असतं सांगते. शेजाऱ्याचा ब्लोअर अवेळी वाजला की त्याला झोप लागत नाही. पलीकडच्या दौलतभाऊंना वाटलं, बापूच्या बागेत डावनी आली. रोग आपल्याकडं यायला किती वेळ? त्यांनी फवारणी घेतली. त्यांचं बघून पुढच्यानं घेतली. कुणी विचारायला आलं नाही, कारण असल्या गोष्टी कुणी खरं सांगतच नाही.

शेवटी दौलतभाऊ तोंड पाडून आले. "बापू, औषध कोणतं मारतोय ते तरी सांग."

बापू म्हणाला, "भाऊ, मी जहाज उतरवतोय."

दौलतभाऊ निघून गेले. महिनाभर बोलले नाहीत. आमचं जहाज उतरलं एकदाच, औषध पडलं सगळ्या शिवारात.

*

आता मुख्य माणूस. प्रभाकरराव. मालिकेतल्या मुखवट्याच्या आत तेच होते. सायलीनं त्यांना पुण्यात शोधून काढलं. एसटीनं आले, मांडीवर स्टीलचा डबा. मला वाटलं, लाडू असतील. आत तोच मुखवटा, जुन्या मऊ साडीत गुंडाळलेला, वर पावडर शिंपडलेली. इतकी वर्षं त्यांच्या बायकोनं जपला, आणि ती गेल्यावर त्यांनी.

जेवताना ते हळूहळू बोलते झाले. मालिका घराघरांत चालायची तेव्हा पोरं स्टुडिओच्या बाहेर थांबायची आणि त्यांना ओलांडून कप्तानाकडं पळायची. आवाजसुद्धा दुसऱ्याचा लावलेला. एकदा त्यांनी एका पोराला सांगितलं, पहारेकरी मीच आहे. पोरगं म्हणालं, "मग तोंड झाका बघू."

हे सांगून ते स्वतःच हसले. मग म्हणाले, "वहिनी, मी मानधन मागितलेलं नाही. एकच मागितलंय. शेवटी मुखवटा काढायचा आणि माझं तोंड दिसू द्यायचं."

अडचण मुखवट्याचीच होती. रबर वाळून पापडासारखं झालं होतं. एकदा चढवला की काढताना फाटणार, म्हणजे तो सीन एकदाच व्हायचा. बाकीच्या सगळ्या सीनला सायलीनं नकली मुखवटा करून दिला.

*

थंड खोलीत प्रभाकरराव स्टुलावर ताठ बसायचे. मधे लाईट बदलायला तासभर जायचा, पोरं बाहेर उन्हात जायची, हे उठायचे नाहीत. मी स्वेटर नेऊन दिला. बापू म्हणाला, "काका, या ना बाहेर. कॅमेरा बंद आहे."

मुखवट्याच्या आतून आवाज आला, "दार उघडं आहे ना."

बापूनं दार ओढून घेतलं. तेव्हा कुठं ते चहाला आले.

*

शेवटच्या दिवसाचं सांगते.

सीन असा होता. किती काळानं कुणास ठाऊक, पृथ्वीवरून माणसं येतात. पहारेकरी मुखवटा काढतो, विचारतो, "कुठून आलात?" पुढची बाई म्हणते, "पृथ्वीवरून." संपलं.

पृथ्वीवरची माणसं म्हणून पॅकहाउसच्याच बाया घेतल्या. सीझनच्या आधी क्रेट धुवायला येतात त्या. पुढं मंगल, कारण तिचा आवाज खणखणीत. एका शब्दाचं काम, पण बिचारी सकाळपासून घोकत होती.

या बायांचं रोजचं एक ठरलेलं आहे. पॅकहाउसला रात्रीचा वॉचमन असतो. सकाळी पहिली बाई आत येते आणि आल्याचं त्याला सांगते, तेव्हाच तो किल्ली देऊन उठतो. कुणी सांगितल्याशिवाय उठायचं नाही, अशी रीतच आहे. आणि गेली कित्येक वर्षं पहिली येणारी बाई मंगलच.

प्रभाकररावांनी मुखवटा चढवला. कॅमेरा सुरू झाला. दार उघडलं, निळ्या उजेडात चंदेरी झगे घालून बाया आत आल्या.

प्रभाकररावांनी दोन्ही हातांनी मुखवटा धरला आणि काढला. टर्रकन फाटला. आत एक दमलेला म्हातारा चेहरा, कपाळावर रबराचे तुकडे चिकटलेले, डोळे भरलेले.

"कुठून आलात?"

मंगल त्यांच्याकडं बघतच राहिली. घोकलेला शब्दच विसरली. सायलीनं ओठ चावला. मुबीननं डोळे मिटून घेतले.

मग मंगल पुढं झाली आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "बाबा, आलो आम्ही. जा तुम्ही आता घरी."

सायलीनं कट म्हणायला तोंड उघडलं, पण म्हटलं नाही.

प्रभाकरराव तसेच बसून होते. मग गुडघ्यावर हात टेकून हळूच उठले. कमरेची किल्ली सोडली, मंगलच्या हातावर ठेवली. बायांच्या मधून वाट काढत दाराबाहेर गेले. बाहेर लख्ख ऊन होतं. मुबीन कॅमेरा घेऊन मागं धावला. ते बागेच्या ओळीतून चालत राहिले, पार शेवटच्या वेलापर्यंत. एकदासुद्धा मागं पाहिलं नाही.

आणि आत मंगल किल्ली घेऊन त्यांच्या स्टुलावर जाऊन बसली, दाराकडं तोंड करून.