दोन शेड वर

टीव्हीवरच्या उद्योजक बाईला घाम येत नाही, हे नंदिनीने फार पूर्वीच ताडलं होतं. संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता ती पडद्याकडे तिरप्या नजरेनं पाहायची आणि करवादायची. मालिकेतली ती बाई म्हणे एवढ्या मोठ्या कंपनीची मालकीण. कंपनी कशाची, ते वर्ष होत आलं तरी कोणी सांगायला तयार नव्हतं. साबणाची, शेवयांची की खिळ्यांची, कोण जाणे. बाई काचेच्या खोलीत टाचा वाजवत चार पावलं चालायची, एखादी फाइल आपटायची आणि खिडकीशी जाऊन हाताची घडी घालायची. झाला धंदा. गोडाउनला आग लागली तरी हिची बट जागची हलायची नाही आणि नवरा पळून गेला तरी लिपस्टिक जशीच्या तशी.

"पाह्यून घे मेघा," नंदिनी लेकीला म्हणायची, "हिनं जल्मात एक खुर्ची उचलली असंन तं माहं नाव बदलजो."

नववीतल्या मेघाचं लक्ष भलतीकडे असायचं. ती त्या बाईच्या भुवया पाहत असायची.

नंदिनीच्या खुर्च्या मात्र खऱ्या होत्या. वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघे गावाच्या कडेला पत्र्याचं गोडाउन, त्यावर निळ्या अक्षरात 'सम्यक बिछायत केंद्र', म्हणजे मंडप, गाद्या, भांडी भाड्यानं देणारं दुकान. सासरे नत्थूजी यांनी काही सतरंज्या आणि स्वयंपाकाचे चार मोठे गंज घेऊन हा धंदा उभा केला. त्यांचे गुडघे गेले तेव्हा मुलानं, म्हणजे रुपेशनं, हात वर केले. त्याला वीज कार्यालयातली नोकरी आणि पंख्याखालचं टेबल पुरेसं होतं. मग सून पुढे झाली. लग्न असो, नामकरण असो, बुद्धवंदना असो की कोण्या पुढाऱ्याची सभा, मंडप नंदिनीचा. ती साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट चढवून टेम्पोत बसायची आणि लाकडी बल्ल्या, दोर, पडदे, गाद्या घेऊन पार जाम गावापर्यंत जायची. मंडपाचा पहिला खुंटा मालकानं ठोकायचा ही नत्थूजींची रीत. तो ती ठोकायची, घणाच्या दोन-तीन दणक्यांत. उन्हानं रंग आणखी रापला होता, ओरडून ओरडून आवाज बसला होता, आणि केस असे घट्ट बांधलेले असायचे की वादळ आलं तरी सुटू नयेत.

आता अशा बाईला कोणी मालकीण म्हणेल? शेजारच्या पिपरी मेघे गावच्या बंगल्यांतल्या बायका गेटवरून विचारायच्या, "मालक नाही आले?" एकीनं तर चहा देऊन, शेजारी बसवून, मायेनं समजावलं होतं, "तुम्ही जरा प्रेझेंटेबल राहिलात ना, की कामं आपोआप मोठी येतील बघा." त्याच बाईच्या मुलीच्या लग्नाला नागपूरहून इव्हेंटवाल्या तीन पोरी आल्या. काळे कोट, हातात वायरलेस, चेहऱ्यावर जगाचा भार. दिवसभर त्या वायरलेसवरून एकमेकींना "कॉपी?" असं विचारत फिरल्या. मंडप नंदिनीच्याच माणसांनी बांधला. सत्कार त्या कोटवाल्यांचा झाला.

नंदिनी हसली आणि गाद्या मोजून घरी आली. असल्या गोष्टींचं तिला काही वाटायचं नाही. एक गोष्ट सोडून.

मेघा लहानपणापासून रविवारी तिच्याबरोबर यायची. टेम्पोत गाद्यांच्या ढिगावर बसून गाणी म्हणायची, झालरी बांधायची, बुढ्या रामाजीला चिडवायची. रामाजी नत्थूजींच्या काळापासूनचा मंडपाचा मिस्त्री, नंदिनी त्याला मामाजी म्हणायची. तो म्हणायचा, "ही पोरगी मोठी झाली का मी दोर हिच्या हाती देतो." पण गेल्या वर्षापासून मेघानं येणं बंद केलं. ऊन लागतं म्हणे. शाळेच्या संमेलनात नाचाच्या बाईंनी तिला पहिल्या ओळीतून उचलून शेवटच्या ओळीत नेऊन ठेवलं होतं. तिची पावलं चुकत नव्हती. समोर उभ्या राहिलेल्या पोरींची चुकत होती, पण त्या उजेडात छान दिसत होत्या. त्या दिवसापासून मेघा घरातही तोंडाला ओढणी गुंडाळून राहू लागली. बेसन झालं, दही झालं, बटाट्याचा रस झाला, मग गोरं करणाऱ्या क्रीमच्या ट्यूबा आल्या. आईच्या टेम्पोत बसणं म्हणजे आणखी काळं होणं, एवढं सरळ गणित. नंदिनीनं शाळेत जाऊन त्या बाईंना फैलावर घेतलं, तर मेघा चार दिवस तिच्याशी बोलली नाही.

आपली पोरगी हळूहळू आपल्या हातातून सुटतेय, एवढं नंदिनीला कळत होतं. काय करावं ते कळत नव्हतं.

अशात नागपूरच्या एका चॅनेलचा फोन आला. महिला दिनासाठी ते 'लेडी बॉस विदर्भाची' असा कार्यक्रम करत होते. नंदिनी फोन आपटणारच होती, पण मेघानं ओढणीतून तोंड बाहेर काढलं.

"आई, तू टीव्हीवर येशीन? मग मीबी येतो तुह्यासंग मंडपावर. खरंच."

"येजा मंग," नंदिनी फोनमध्ये म्हणाली.

ठरलेल्या दिवशी गोडाउनमागच्या मैदानात तिनं त्यांच्यासाठी मंडप घातला. तांबडं-पिवळं नवं कापड, झालर, समोर कार्यक्रमाचा फलक. चॅनेलचा रजत आला. डोळ्यांवर लावायचा गॉगल त्यानं डोक्यावर लावला होता आणि प्रत्येक वाक्याला "मॅम" जोडत होता. बरोबर रोशन नावाचा मेकअपवाला, ब्रशांची पेटी घेऊन.

रजतनं नंदिनीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, जसं कोणी सेकंडहँड स्कूटर पाहतं. "मॅम, स्टोरी तुमची कमाल आहे. फक्त लुक थोडा अपलिफ्ट करू. लोकांना बॉस दिसली पाहिजे."

"मंग मी कोन दिसून राह्यली?"

रजत गोड हसला. असल्या माणसांना उत्तर येत नसलं की हसू येतं.

मग नंदिनीच्या तोंडाचं जे झालं ते तिनं मेघाकडे पाहत सोसलं. केसांवरून गरम चिमटा फिरला आणि घट्ट अंबाड्याचे सरळ, मेलेले केस खांद्यावर लोंबू लागले. पापण्यांवर दुसऱ्या पापण्या डकवल्या. शर्ट गेला आणि साडीवर कोट आला, मार्चच्या उन्हात, वर्ध्यात! रोशन तोंडावर एकावर एक थर देत होता आणि स्वतःशी म्हणत होता, "दोन शेड वर घेतो, कॅमेऱ्यात मस्त येईल." घर रंगवणारा माणूस भिंतीला जेवढं विचारतो, त्याहून जास्त चौकशी यानं केली नाही. मेघा त्याच्या बाजूला उभी राहून ब्रश देत होती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या तोंडावर ओढणी नव्हती आणि डोळे चमकत होते. नंदिनीनं त्या डोळ्यांसाठी सगळं गिळलं.

"आई, तू किती चांगली दिसून राह्यली! रोज अशी काऊन नाई राहत?"

तेही गिळलं.

नंदिनी गोडाउनमधून बाहेर मैदानात आली तर टाचा काळ्या मातीत रुतल्या. रामाजीनं कपाळावर हात धरून पाहिलं. "सूनबाई, तोंड बरं हाय न? पांढरं पडलं."

"गप राहा, मामाजी."

मग चित्रीकरण. टेबलावर लॅपटॉप ठेवला, तो बंद होता. रामाजीनं कागद घेऊन यायचं आणि वाकून "मॅडम, सही" म्हणायचं असं ठरलं. रामाजीला सही म्हणताना हसू फुटायचं, म्हणून ते पाच वेळा करावं लागलं. नंदिनीनं विचारलं, "खुंटा ठोकताना घ्या न, घन हातात हाय तसा." रजत म्हणाला, "तो शॉट ठेवू मॅम, पण घण हलका वाटेल असा धरा आणि ठोकू नका, केस उडतात." शेवटी तेच, जे असायचंच होतं. "हात फोल्ड करा. हनुवटी वर. येस, लेडी बॉस!" नंदिनीच्या मनात आलं, टीव्हीवरच्या झाडून साऱ्या मालकिणी हाताची घडी घालून उभ्या असतात. काम करायला हात लागतात हे सांगायची यांना एवढी लाज का वाटते?

तरी ती उभी राहिली. हनुवटी वर करून, ठोंब्यासारखी.

"आता नेक्स्ट जनरेशन," रजत ओरडला. "बेबी, ये. मम्माच्या खांद्यावर हात."

मेघा धावत आली. रजतनं कॅमेऱ्यात पाहिलं आणि कपाळाला आठ्या पडल्या. पुन्हा पाहिलं. रोशनला बोलावलं. दोघं कुजबुजले, पण कुजबुज अशी की मैदानभर ऐकू जावी.

"मायलेकी वाटतच नाहीत रे. मॅमना आपण दोन शेड वर नेलं, बेबी खूपच डार्क येतेय."

"तिलाही वर घेऊ? वेळ लागेल."

"नाहीतर मागे ठेवू, ब्लर करू. की आजूबाजूची कोणी गोरी मुलगी मिळेल? दोन सेकंदांचाच शॉट आहे."

नंदिनीनं पोरीकडे पाहिलं. मेघा रडेल असं तिला वाटलं होतं. मेघा रडली नाही. ती आपणहून गोडाउनच्या मागच्या दारातल्या रोशनच्या खुर्चीत जाऊन बसली, केस मागे घेतले, डोळे मिटले, ओठ आत ओढले आणि हनुवटी बरोबर तेवढीच उचलली जेवढी ब्रशवाल्याला सोयीची पडते.

"लावा न काका," ती म्हणाली. "किती वर नेता येते तेवढं न्या."

आरशासमोर हे तिनं किती वेळा केलं असेल! रोशननं एक गाल पुरा केला, अर्धं कपाळ केलं आणि दुसऱ्या गालाकडे वळला, तेव्हा नंदिनीनं टाचा काढून फेकल्या.

"मामाजी, मंडप उतरवा."

रामाजी हलला नाही. पंगत उठल्याबिगर आणि घरधनीण 'उठवा' म्हटल्याबिगर दोराला हात लावायचा नाही, हा बिछायतीचा कायदा. भरल्या कार्यक्रमात मंडप काढणं म्हणजे जिवंत माणसाची तिरडी बांधणं. नत्थूजींच्या हयातीत असं झालं नव्हतं.

"सूनबाई, कार्यक्रम व्हाचा हाय अजून."

"झाला."

"मॅम, वन मिनिट..." रजत पुढे आला.

ती अनवाणी गेली, घण उचलला आणि कोपऱ्यातल्या खुंट्याला आडवा हाणला. केस उडाले, चांगलेच उडाले. खुंटा निघाला, दोर सैल पडला. मग दुसरा. तांबडं-पिवळं कापड आधी पोटात हवा धरून थबकलं आणि मग निवांतपणे खाली आलं, फलकावर, बंद लॅपटॉपवर, लेडी बॉसच्या टेबलावर आणि रजतच्या डोक्यावरच्या गॉगलवर. आतून "मॅम! मॅम!" ऐकू येत होतं. रामाजी तोंडाला गमछा लावून हसत होता. या सबंध दिवसात नंदिनीनं मनापासून केलेलं हे एकच काम होतं.

ती वळली. मेघा खुर्चीजवळ उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते आईच्या कौतुकाचं नव्हतं.

घरी परतताना टेम्पोत दोघीच होत्या. नंदिनी चालवत होती, मेघा खिडकीला चिकटून. अर्धं तोंड गव्हाळ गुळगुळीत, अर्धं तिचं स्वतःचं. नंदिनीनं पदराचं टोक पुढे केलं, मेघानं ते झटकलं.

"हात नोको लावू."

"अवं, ते लोक तुह्या जागी दुसरी पोरगी उभी करून राह्यलते. आयकलं नाई तू?"

"आयकलं. म्हनूनच बसली न मी खुर्चीत." मेघाचा आवाज फाटला. "तू तं बसली सकाऊनपासून! केस करून घेतले, तोंड करून घेतलं. तुले चालते. मी केलं तं मंडप पाडते? आता सगळे म्हनतीन काळीच होती म्हनून काढून टाकली."

नंदिनीनं तोंड उघडलं. तिला पुष्कळ बोलायचं होतं. त्या गॉगलवाल्याबद्दल, काचेच्या खोलीतल्या बाईबद्दल, नाचाच्या बाईंबद्दल, ट्यूबा विकणाऱ्यांबद्दल. शिव्या तर ओठांवर होत्या. पण समोरच्या आरशात एक दोन शेड गोरी बाई तिच्याकडे पाहत होती, खोट्या पापण्यांतून, आणि त्या बाईच्या तोंडून यातलं काहीच निघेना.

रेल्वे फाटकावर टेम्पो थांबला. गाडी यायची होती. मेघानं नाक पुसलं आणि एकदम आईकडे तोंड फिरवलं, सरळ, पूर्ण.

"खरं सांगशीन?"

"सांगतो न."

"कोनती बाजू चांगली दिसते?"

नंदिनीला उत्तर माहीत होतं. ते तिच्या जिभेवर तयार होतं, असल्या रंगरंगोटीच्या जन्मभराच्या तिरस्कारानं घासूनपुसून ठेवलेलं. पण तिचे डोळे तिच्या आधी गेले, त्या रंगवलेल्या गालावर, आणि क्षणभर तिथेच राहिले. मग तिनं दुसऱ्या गालाला हात लावला.

"हे," ती म्हणाली. "हे, माय."

मेघानं मान हलवली. आईचे डोळे आधी कुठे गेले ते तिनं पाहिलं होतं. सीटवरची ओढणी उचलून तिनं दोन्ही गालांवरून गुंडाळून घेतली, आणि फाटक उघडेपर्यंत रुळांकडे पाहत बसली.