सासऱ्यांचं पितळी इंजिन

मला एखादी वस्तू हवी असली की मी आधी तिला नावं ठेवतो. झाडाखाली सायकली दुरुस्त करणारा मी, सेलूत हार्डवेअरचं दुकान उभं केलं ते याच जिभेच्या जोरावर. अख्ख्या बाजाराला हे ठाऊक आहे. सासऱ्यांना मात्र कधी कळलं नाही, की कळून घ्यायचं नव्हतं, देव जाणे.

सासरे वर्ध्याचे, रेल्वेतून निवृत्त झालेले फिटर. नोकरीत असताना फावल्या वेळात त्यांनी वीतभर लांबीचं पितळी इंजिन केलं होतं. दिसायला वाफेचं, आत बारकी मोटर. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ते लंगडायला लागलं, वळणावर रूळ सोडायचं. तोवर सासऱ्यांची नजर गेली होती, हात कापायचे. एक दिवस त्यांनी ते टॉवेलात गुंडाळून माझ्या काउंटरवर आणून ठेवलं.

पाहताक्षणी माझा जीव त्याच्यावर बसला. साहजिकच मी म्हणालो, "मामाजी, याच्यात काय राह्यलं आता? भंगारवाला बी वजनावरच घेईन."

"चाकं तेवढी पाहा, जवाईबापू," ते म्हणाले.

दुपारी गिऱ्हाईक नसताना मी ते उघडलं. एक्सल काचेवर घरंगळवला, तर मध्येच उडी घ्यायचा, म्हणजे वाकलेला. त्यावरचं एक चाक सैल होऊन आत सरकलं होतं. मी मोडक्या ड्रिलचा दांडा कापून नवा एक्सल केला आणि चाकं दाबून बसवली. तरी इंजिन अडखळे. एका बाजूच्या चाकांना जोडणारा दांडा वर असताना दुसऱ्या बाजूचा पाव फेरी पुढे असावा लागतो, नाहीतर दोन्ही बाजू एकमेकींशी भांडतात. चाकं पुन्हा काढली, पुन्हा बसवली. एकदा संतापून पक्कड भिंतीवर मारली, तिथला पोपडा अजून उडालेला आहे. शेवटी ते वळणावरून अलगद गेलं.

वर्ध्याच्या बैठकीत सासऱ्यांनी रूळ मांडले. दिसत नव्हतं, म्हणून कान लावून बसले. "आता बरोबर बोलून राह्यलं," म्हणाले.

"चालते, पण ठेवाल कुठं? नुसती जागा खाते," मी म्हणालो. बाजारात एवढं बोललं की समोरचा म्हणतो, घेऊन जा बाबा. सासऱ्यांनी इंजिन पुन्हा टॉवेलात गुंडाळलं.

पुढे अधिकमास आला. धोंड्याच्या जेवणाला दोघे जावई बोलावले. माझ्या ताटात अनारसे आणि चांदीचा पेला आला. नागपूरच्या साडूंच्या ताटात अनारसे आणि इंजिन. ते ऑफिसर. पेचकस कसा धरतात हे ठाऊक नाही, पण "वा मामाजी, काय सुंदर वस्तू!" एवढं म्हणता येतं.

"चाकं कोणी बसवली त्याची?" मी ओरडलोच. सासूबाई वाढता वाढता थांबल्या.

सासरे शांतपणे म्हणाले, "तुम्हीच तर म्हणत होते, भंगार आहे म्हणून. जवाईले भंगार काऊन देऊ मी?"

मी ताटावरून उठलो. परतीच्या एसटीत बायको म्हणाली, "एकदा 'मले द्या' म्हटलं असतं, तर जीभ झडली असती काय?"

"काऊन मागू? चाकं बसवली तवा मी मजुरी मागतली काय?"

सासरे गेले त्याला आता काही वर्षं झाली. इंजिन साडूंच्या शोकेसमध्ये आहे, रुळावर कधीच ठेवलं नाही. "सगळं मामाजींच्या हातचं," ते पाहुण्यांना सांगतात. पितळी चाकांच्या मधला माझा पोलादी दांडा मला दारातूनच दिसतो.

गेल्या दिवाळीला मी म्हणालो, "धूळ खाऊन राह्यलं. नुसती जागा अडवते."

"खरं आहे, भाऊ," साडू म्हणाले. "कोणाला हवं असेल तर देऊन टाकीन. आहे का कोणी तुमच्या पाहण्यात?"

बायको माझ्याकडे बघत होती. ज्याची चाकं मी बसवली, ते मीच मागून घ्यायचं?

"कोणी नाही," मी म्हणालो आणि चपला घातल्या.